तटस्थ, एक

दुपारचे अडीच. बैठक सुरू झाली होती. पाण्याच्या पेल्यावरचं स्टीलचं झाकण नीट बसत नव्हतं – एका कडेला किंचित वाकलेलं, बोट लावलं की डुगडुगायचं आणि मग आपलं आपणच थांबायचं – आणि प्राध्यापकांनी त्याला पुन्हा बोट लावलं तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

कुलसचिव ठराव वाचत होते. राज्यशास्त्र विभागातल्या एका अध्यापिकेला सेवेतून कमी करावे. सभाबंदीचा नवा कायदा शिकवताना तिने वर्गात स्वतःचं मत सांगितलं, कुणीतरी ते फोनवर रेकॉर्ड केलं, तक्रार आली. ती प्राध्यापकांची जुनी विद्यार्थिनी, आता त्यांच्याच विभागात. या क्षणी बाहेर, व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली.

मतांचा हिशेब सगळ्यांना आधीच पाठ होता. ठरावाच्या बाजूने चार, विरोधात तीन, आणि आठवे प्राध्यापक. ते तटस्थ राहिले की ठराव मंजूर. विरोधात गेले तर बरोबरी, मग अध्यक्ष म्हणून कुलगुरूंचं निर्णायक मत, आणि ते कुठे पडणार हेही उघड होतं. म्हणजे कसंही झालं तरी ती जाणार. असली गणितं ते फळ्यावर आयुष्यभर मांडत आले होते – आपल्या एका मताने काही बदलत नाही हे ठाऊक असूनही माणूस उन्हात रांग का लावतो? – आणि त्यांचं नाव झालं तेही याच प्रश्नावर. मतदानाला न जाणाऱ्यांवरचा त्यांचा जाड ग्रंथ सत्तेतले आणि विरोधातले, दोघेही आपापल्या भाषणांत वापरत. सरकारं बदलली, पाठ्यपुस्तकांच्या समित्या बदलल्या. प्राध्यापक प्रत्येक समितीत होते. विभागप्रमुख झाले तेही दोन गटांचं भांडण मिटेना म्हणून. मुलं पाठीमागे त्यांना ‘तराजू’ म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं होतं.

“तुमचं बरं आहे बुवा,” रसायनशास्त्रवाले कानाशी येऊन पुटपुटले. “आमच्या शास्त्रात उदासीन म्हणजे साधं पाणी. तुमच्या शास्त्रात थेट विभागप्रमुख!”

प्राध्यापक हसले. हसल्यावर लक्षात आलं की हे हसणं ठरलेलं आहे, कुणी काहीही म्हटलं तरी एवढंच, या मापाचं... सकाळी बायकोसमोरही तेच बाहेर पडलं होतं. ती इस्त्री करत होती, पाठ त्यांच्याकडे.

“आज तिचा निकाल ना? काय करणार आहात?”

“बघू.”

“अहो, लग्न झाल्यापासून बघताय. दिसलं का काही?”

ते हसले होते. तिने शर्ट हँगरला लावला, गुंडी लावली आणि हँगर त्यांच्या हातात न देता दाराला अडकवून आत निघून गेली.

कुलसचिव आता फोनवरच्या रेकॉर्डिंगचा उतारा वाचत होते, त्यांच्या सपाट आवाजात, जसं ते बांधकामाच्या निविदाही वाचतात. विद्यार्थी विचारतो, मॅडम, पण तुम्हाला काय वाटतं? अध्यापिका म्हणते, मला हा कायदा चुकीचा वाटतो, का ते सांगते, आणि तुम्हाला पटलं नाही तर माझ्याशी भांडा.

का ते सांगते.

प्राध्यापकांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वाक्य साधं होतं, शेजारणीने वेळ विचारावी आणि घड्याळ पाहून सांगावी तसं. हाच प्रश्न त्यांनाही दर वर्षी कुणी ना कुणी विचारायचं, आणि ते खडू खाली ठेवून म्हणायचे, माझं मत महत्त्वाचं नाही. मग सोमवारी ते हुकूमशहाची बाजू अशी मांडत की मुलं अस्वस्थ होत, मंगळवारी त्याच बाजूच्या चिंध्या करत, आणि बुधवारी मुलं एकमेकांना विचारत, सर नक्की कुठले? ही अध्यापिका तेव्हा पहिल्या बाकावर असायची. तिनेही विचारलं होतं. मी तिलाही तेच उत्तर दिलं होतं, आणि उत्तर चांगलं होतं, आजही चांगलंच वाटतं... मुलांवर आपलं ओझं टाकू नये. मत आपल्यापाशी ठेवावं.

ठेवावं म्हणजे कुठे?

हे आत्ता पहिल्यांदा मनात आलं, आणि आलं ते वाईट पद्धतीने – खिशात किल्ली आहे म्हणून निर्धास्त चालत यावं आणि दारात पोचल्यावर हात खिशातच फिरत राहावा तसं. सभाबंदीच्या कायद्याबद्दल मला काय वाटतं? बाजूने पाच मुद्दे तयार होते. विरोधात सहा. दोन्हींची उदाहरणं, दोन्हींवरचे आक्षेप, आक्षेपांची उत्तरं. ते एकेक मुद्दा बाजूला सारून खाली पाहत गेले. आपण काहीतरी झाकून ठेवलं आहे, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. त्या भरवशावर तर सगळं सुसह्य होतं.

ते बैठकीला येत होते तेव्हा ती बाकावरून उठली होती. फाइल नाही, कागद नाही, हातात नुसती छत्री.

“सर, तुमच्या मताने निकाल फिरणार नाही, माहीत आहे मला. तुम्हीच शिकवलंत.”

“मग काय करू म्हणतेस?”

“काही नाही हो. पाच वर्षं तुमच्या वर्गात काढली, तुम्हाला काय वाटतं ते कधी कळलं नाही. एकदा कळावं, एवढंच.” मग थोडं हसून, “माझी नोकरी गेली तरी शिक्षण तरी पुरं होईल.”

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि आत आले.

“ठरावाच्या बाजूने?” कुलगुरू म्हणाले.

चार हात वर. रसायनशास्त्रवाल्यांचा त्यांतला एक, कोपर टेबलाला टेकवून, आळसावलेला.

“विरोधात?”

प्राध्यापक मुद्द्यांच्या तळाशी पोचले होते. तिथे कायद्याबद्दल काही सापडलं नाही. सापडला तो मत्सर – ते वाक्य तिने म्हटलं, मी नाही, याचा. ताजा, शरम वाटावी इतका तरुण मत्सर. पण तो त्यांचा होता. कुठल्याही पुस्तकातून आलेला नव्हता.

“विरोधात तीन,” कुलसचिव मान खाली घालून लिहीत होते, “तटस्थ, एक. ठराव मंज–”

“थांबा,” प्राध्यापक म्हणाले.

पेन थांबलं. कुलसचिवांनी वर पाहिलं आणि ते गडबडले. प्राध्यापकांचा रकाना ते नेहमी न बघताच भरत असत, आणि आजवर एकदाही खोडावं लागलं नव्हतं.

“अहो, हात खाली घ्या,” रसायनशास्त्रवाले दबक्या आवाजात म्हणाले. “काय चाललंय?”

हात वर होता. जड वाटत होता, पण वर होता.

“चार विरुद्ध चार,” कुलगुरू सावकाश म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. आपल्याला आज काही करावं लागेल याची त्यांची तयारी नव्हती, हे त्यांच्या उघड्या डोळ्यांत दिसत होतं. “प्रोफेसर, विरोधाचं कारण नोंदवायचं असेल तर तुम्हाला तो अधिकार आहे. मग मी माझं मत देईन.”

कारणं म्हणजे त्यांचा धंदा. त्यांनी तोंड उघडलं आणि सवयीने वाट पाहिली, की आता एकीकडे आणि दुसरीकडे अशी दोन वाक्यं जोडीने पुढे येतील. आली नाहीत. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. कुलगुरूंनी अजून मत दिलेलं नव्हतं. आता आपण काय बोलणार हे प्राध्यापकांना ठाऊक नव्हतं, आणि ते ऐकायला, त्या खोलीत, सगळ्यांत जास्त अधीर तेच होते.