अंगठ्याचा मोजा

नवऱ्याच्या, म्हणजे भगवानरावांच्या पायात आपल्या हातचा मोजा एकदा तरी बघायचा, एवढीच गीताबाईंची हौस होती. पण मोजा म्हटलं की हा गडी पाय पोटाशी घेई. "मोजे सायबाचे. वावरात कोण घालते? अन् मोज्यावर अंगठ्याची चप्पल कशी चढन?" शेवटी गीताबाईंनी डोकं लढवलं आणि अंगठा वेगळा असलेला मोजा विणला, जाड सुती दोऱ्याचा. टाचेशी पांढरा दोरा संपला म्हणून तिथं लाल लावला. भगवानरावांनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि कुंपणापलीकडच्या वावरात भिरकावला. गीताबाईंना ते फार लागलं. जोडीचा दुसरा मोजा त्यांनी अर्ध्यातच ठेवून दिला.

उन्हाळ्यात वावर वखरताना तोच मोजा मातीनं माखून वखराला अडकून वर आला. आपण काय फेकलं होतं ते भगवानराव साफ विसरले होते. जमिनीतून काही निघालं की आधी शेंदूर, मग चौकशी, अशी आपली रीत. मोजा धुऱ्यावरच्या, वावराच्या बांधावरच्या दगडाला चढला, नारळ फुटला, आणि वावर ज्याचं तो पुजारी म्हणून भगवानराव रोज दोन वेळा घंटी वाजवू लागले.

चौकशी केली कुलदीप मास्तरांनी. शाळेत ते इतिहास शिकवत. त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. इजिप्तच्या वाळूत सापडलेला दीड हजार वर्षांपूर्वीचा मोजा, एका सुईनं केलेला, आणि अंगठा अस्साच वेगळा.

"दोन सुयांचं इनकाम त्याच्याबी मागून आलं," मास्तर म्हणाले. "पण ते पयले कोणं सुरू केलं, हे ठाम कोणीच सांगत नाही."

कोणी ठाम सांगत नाही म्हटल्यावर गावाला रान मोकळं मिळालं. विणकाम आपल्याच धुऱ्यावर सुरू झालं आणि इजिप्तवाल्यांनी ते कापसासोबत उचलून नेलं, असं ठरलं. मोताळ्याच्या बाजारातून लोक दर्शनाला येऊ लागले.

"अहो, तो मी इनला," गीताबाई म्हणाल्या. "टाचेचा लाल दोरा पाहा ना."

"ते कुंकू होय. पाप लागन तुले."

"मंग पाय घालून पाहा. तुमच्याच मापाचा हाय."

"देवात पाय घालू?"

आता मात्र गीताबाईंचं डोकं फिरलं. घरी जाऊन त्यांनी तो अर्धा मोजा आणला, दगडासमोर मांडी ठोकली आणि सगळ्यांदेखत विणायला बसल्या. रागाच्या भरात हात असा चालला की मान हलू लागली, अंबाडा सुटला. शेजारच्या कौशल्याबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "अंगात आलं."

झालं. हळदकुंकू आलं, डफडं आलं. मोजा पुरा होताच भगवानरावांनी चक्क बायकोच्या पायावर डोकं ठेवलं. "माय, काय आज्ञा?"

खोटं बोलणं गीताबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी समोरच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला अरेतुरे केलं. "दोन्ही मोजे पायात घाल."

भगवानरावांनी मोजे चढवले, वर चपला घातल्या. माप तंतोतंत बसलं. ते नवरदेवासारखे मिरवत घरी निघाले, आणि मागून चालताना गीताबाईंना इतका आनंद झाला की वाट दिसेना.

घरी त्यांनी गरम भाकरी वाढली. भगवानरावांनी पाय पुढं पसरून मोज्यांवरून हात फिरवला.

"पाह्यलं काय वं? देवीचा हात असा असते. जन्मभर सुया हालवल्या तुनं, पण असा एक तरी जमला काय?"

गीताबाईंनी त्यांच्या पुढचं ताट उचललं.

"मंग आजपासून सयपाकबी देवीच्याच हातचा खाजा," त्या म्हणाल्या.