खंडेनवमीला धुतलेला फळा

मी पुसदचा एक जुना फळा आहे, मित्रांनो. सागवानी फळ्या जोडून, काळा रंग देऊन मला एका शाळेसाठी घडवलं. शाळेत पांढरे फळे आले, तसा मी भंगारात गेलो. तिथून सुरभीताईनं मला उचललं आणि आपल्या छोट्या कार्यालयात टांगलं. ती, शाहिद आणि नयन मिळून मोबाईलचं ॲप बनवत. कपाशीवर औषध कधी फवारावं, हे ते शेतकऱ्यांना कळवायचं.

काही ठरलं की ते माझ्यावर लिहायचं, आणि खाली 'काहून' म्हणून कारण. हा शाहिदचा हट्ट.

"काय ठरलं ते प्रोग्राममध्ये राह्यते. काहून ठरलं ते कुठं राह्यते?"

"तुह्या डोक्यात," नयन चिडवायचा.

"अन् मी गेलो मंग?"

एकदा शेतं फिरून आल्यावर त्यानंच लिहिलं, 'दुपारी मेसेज पाठवायचा नाही. काहून: तेव्हा वारा उलटतो, औषध नाकातोंडात जाते.'

खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली. मलाही ओल्या फडक्यानं लख्ख धुतलं, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मी सुखावलो. पण पुसलेलं पुन्हा कोणी लिहिलं नाही. दिवाळीनंतर शाहिद नोकरीसाठी पुण्याला गेला.

पुढच्या हंगामात नयननं विचारलं, "ताई, दुपारचा मेसेज बंद काहून आहे? लोक तक्रार करून राह्यले."

सुरभीताईनं माझ्याकडे पाहिलं. मी कोरा होतो.

"आठवत नाही रे. चालू करून टाक."

मला सारं आठवत होतं, मित्रांनो. पण खडूवाचून मी मुका.

पुढचं मी नंतर नयनच्या तोंडून ऐकलं. एका दुपारी त्याची आई, इंदूबाई, भाकर खाऊन बांधावर टेकली होती. मोबाईल वाजला. शेजारीण म्हणाली, "आता वारं हाये, बाई." इंदूबाई हसली. "माह्या पोराचा मोबाईल सांगून राह्यला, तो का खोटं सांगंल?" आणि तिनं पंप पाठीवर घेतला.

संध्याकाळी तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. ती अजून शुद्धीवर नाही.

सुरभीताईनं मेसेज तेव्हाच बंद केला. नयननं शाहिदला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "फळ्यावर लिवलं होतं ना बे."

नयन कितीतरी वेळ माझ्यावर तळहात फिरवत राहिला, जणू खाली अक्षरं सापडतील. मग त्यानं खडू घेतला. तीच ओळ लिहिली. 'काहून'पुढं त्याचा हात अडला. तिथं त्यानं आईचं नाव लिहिलं.

खंडेनवमी पुन्हा जवळ आली आहे. मला हार नको, मित्रांनो. ओलं फडकं लावण्याआधी कोणीतरी मला वाचा, आणि लिहिलेलं वहीत उतरवून घ्या.