कडेचं दिसत नव्हतं

बालाजीकाकांना बकरी दिसली नाही, हे आमच्या सात जणांपैकी फक्त मला कळलं.

२००७ सालचा फेब्रुवारी होता. रविवारी पहाटे शहराच्या दक्षिण टोकाच्या तिरुवान्मियूरहून निघून किनाऱ्याच्या रस्त्यानं महाबलिपुरम गाठायचं आणि उन्हं तापायच्या आत परतायचं, असा आमच्या सायकलवाल्यांचा नेम. वाटेवरचं कोवळम गाव मागे पडलं होतं. काका नेहमीप्रमाणे सगळ्यांत पुढे, त्यांच्या मागच्या चाकाला धरून मी. डावीकडच्या सुरूच्या बनातून एक काळी बकरी रस्त्यावर आली. ती आम्हाला वीस पावलांवरून स्पष्ट दिसत होती. काकांनी घंटा वाजवली नाही, ब्रेकला हात लावला नाही. मी किंचाळले. बकरीच बिचकून मागे उडाली आणि तिचं शेपूट काकांच्या गुडघ्याला घासून गेलं.

"काय झालं गे?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"बकरी होती, काका."

"हां, बघिटलों की," ते म्हणाले.

पण त्यांनी विचारलं होतं, काय झालं.

बालाजीराव तंजावरच्या मराठ्यांपैकी. तीनशेहून अधिक वर्षं तमिळ मुलखात राहिलेली त्यांची मराठी माझ्या नाशिकच्या मराठीला आधी अडखळवायची, मग गोड लागायची; 'सगळं'ला ते 'अस्कं' म्हणत. संरक्षण खात्याच्या कारखान्यात ते फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. तिथं यंत्रं बसवायला आलेला एक झेक इंजिनिअर १९७३ साली मायदेशी जाताना आपली शर्यतीची सायकल त्यांना देऊन गेला. तीच ते अजून चालवत. सडपातळ पोलादी चौकट, तांब्याच्या रिबिटांनी ठोकलेलं चामड्याचं सीट, पेडलवर बूट जखडून ठेवणारे पोलादी आकडे आणि चामडी पट्टे. गिअर बदलायला चौकटीच्या तिरक्या नळीवर बोटाएवढ्या दोन दांड्या. आमच्यातल्या तरुण पोरांच्या अॅल्युमिनियमच्या सायकलींना हँडलवरच बटणं होती, दाबलं की टक् करून गिअर पडायचा. काकांच्या दांड्यांना टक् नव्हतं. सरकवत जायचं, साखळीची कुरकुर ऐकायची, ती थांबली की समजायचं, बसला.

मी पेरुंगुडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. या शहरात नवी आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. काकांनी जुने सुटे भाग जमवून मला तशीच एक सायकल बांधून दिली. गिअर ऐकायला शिकवताना एकदा माझे डोळे रुमालानं बांधून रिकाम्या मैदानात चालवायला लावली होती. त्यामुळे मला वाटायचं, या माणसाला सायकलवर काही होऊच शकत नाही.

महाबलिपुरमला चहाच्या टपरीवर बसलो. माझं लक्ष आता त्यांच्यावरच होतं. टपरीवाल्यानं चहाचा ग्लास त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. काकांनी पाण्याची बाटली उचलताना कोपरानं तो पाडला. हसले. टपरीवाल्यानं दुसरा आणला, तोही तिथंच ठेवला. काका चहाची वाट पाहत बसले.

मी उठून त्यांच्या उजव्या बाजूला गेले. त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर पंजा धरला आणि बोटं हलवली. ते समोरच्या भिंतीवरचं सिमेंटच्या जाहिरातीतलं अगदी बारीक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवत होते. बोटं त्यांना दिसली नाहीत.

"काका, जरा इकडे या," मी म्हटलं.

टपरीमागे होड्या ओढून ठेवल्या होत्या. तिथं आम्ही उभे राहिलो.

"कधीपासून?"

त्यांनी विचारलं नाही, काय कधीपासून. "डाक्टर मज नोव्हेंबरात सांगितले. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही म्हणाले. मधलं अस्कं दिसते गे. पेपर वाचतों, सुईत दोरा घालतों. कडेचं... कडेला कुणी पडदा ओढल्यासारखं."

"काकूंना माहीत आहे?"

"नाही."

"काका!"

"आजचा दिवस," ते म्हणाले. "पुढच्या रविवारपासून मी येत नाही, मीच अस्क्यांला सांगतों. पण आज जातांना मी पुढे आलों, परततांनाही पुढेच जातों. मोटारीत बसून घरी नको, गे. तू माझ्या मागे उजवीकडे राहा. काय येते ते सांगत जा. तुझ्या आवाजावर मी चालवतों."

मी त्याच वेळी बाकीच्यांना बोलवायला हवं होतं. त्यांची सायकल एखाद्या टेम्पोत टाकून त्यांना घरी न्यायला हवं होतं. पण माझ्यासमोर जे उभे होते त्यांच्यामुळे मला या शहरात आपलं म्हणावं असं माणूस मिळालं होतं. मी "बरं" म्हटलं.

परतीच्या रस्त्यावर साडेसात वाजताच गर्दी सुरू झाली. रविवार असल्यानं शहरातून गाड्या येतच होत्या, आणि आमच्या बाजूनं पुदुच्चेरीच्या बसगाड्या शहराकडे धावत होत्या. मी काकांच्या मागे, अर्धं चाक उजवीकडे.

"व्हॅन, उजवीकडून."

"हं."

"डावीकडे माणूस, चालतोय. पुढे खड्डा नाही. सरळ."

"हं."

ते डोकं स्थिर ठेवून चालवत होते. गिअर बदलायला हात खाली जाई, कुरकुर होई, थांबे. त्यांची पाठ बघून कुणालाही वाटलं असतं, या माणसाला रस्ता तोंडपाठ आहे. माझी पाठ मात्र घामानं भिजली होती. मागे बघायचं, पुढे बघायचं, दोन्ही कडा बघायच्या, आणि आवाजात भीती येऊ द्यायची नाही. दोनदा मला वाऱ्यामुळे मागची गाडी ऐकूच आली नाही. एक जीप इतकी जवळून गेली की तिच्या आरशानं माझी बाही ओढली. त्याच क्षणी मी "थांबा" म्हणू शकले असते. मुट्टुकाडुचा पूल दिसत होता, त्यानंतर वीस किलोमीटरसुद्धा नव्हते. मी मनात किलोमीटर मोजत राहिले.

पूल ओलांडला. मागे आमचे बाकीचे पाच जण गर्दीतून सुटले होते, वेग वाढवत होते. त्यांच्यात नवीन नावाचा एक मुलगा होता. चोवीस वर्षांचा, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका मोटारभागांच्या कारखान्यात इंजिनिअर. तोही काकांच्याच समाजातला, घरी मराठी, पण तोंडात तमिळ. काकांना तो चिडवायचा, "राव सार, म्युझियममधून आणलीत का सायकल?" आणि काकांना मागे टाकायची त्याला फार हौस.

मागून बसचा भोंगा वाजला. लांबलचक, न थांबणारा. मी वळून बघितलं. बस समोरून येणाऱ्या लॉरीला टाळण्यासाठी आमच्या अंगावर सरकत होती.

"बस! डावीकडे घ्या, डावीकडे!"

काकांनी तत्क्षणी डावीकडे घेतलं. आणि मी नवीनला तेव्हा पाहिलं. बसचा भोंगा ऐकून मी मान उजवीकडे वळवली होती तेवढ्या वेळात तो डाव्या कडेच्या खडीवरून आम्हाला मागे टाकायला निघाला होता. तो काकांच्या अगदी बरोबरीला होता, हातभर अंतरावर. दुसऱ्या कुणालाही दिसला असता.

हँडलला हँडल अडकलं. धातूचा एक छोटासा आवाज झाला. नवीन खडीवर घसरत गेला आणि रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्याला खांदा आदळून थांबला. काकांची सायकल उलट्या बाजूला, बसकडे, झोकांडली. त्यांचे दोन्ही पाय पट्ट्यांत जखडलेले होते. पडले असते तर सायकलीसकट पडले असते. बसची लांब निळी बाजू त्यांच्या कोपराशेजारून सरकत होती, सरकतच होती, संपत नव्हती. मी ओरडणंसुद्धा विसरले. मग बस संपली आणि ते अजून सायकलवर होते.

नवीन उठून बसला. त्याचा उजवा खांदा भलत्याच ठिकाणी उतरला होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता. बाकीचे धावत आले. एकानं गाडी थांबवायला हात केला.

"सॉरी सार," नवीन दातांवर दात ठेवून तमिळमध्ये म्हणाला. "चूक माझी. डावीकडून यायला नको होतं."

"कितीदा सांगितलं तुला, आतून ओव्हरटेक करू नको!" आमच्यातला एक जण त्याच्यावर डाफरला. "राव सार आज गेले असते!"

काका सायकल धरून उभे होते. पायांचे पट्टे त्यांनी सोडले होते. कुणी त्यांना पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता. कुणालाही आणखी काही विचारायचं नव्हतं. मी काकांकडे बघितलं आणि मी काय करणार होते ते मला माहीत होतं. मी गप्प बसणार होते.

काका नवीनजवळ गेले, खडीवर गुडघे टेकून बसले. आधी ते तमिळमध्ये बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चूक याची नाही. माझी आहे. मला बाजूचं दिसत नाही. नोव्हेंबरपासून दिसत नाही. डोळे गेल्यात जमा असताना तुम्हाला सगळ्यांना मी माझ्या मागे घेऊन आलो."

रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्या जात होत्या.

मग ते मराठीत, फक्त नवीनला म्हणाले, "पोरा, तू माझ्या बाजूला होतास. मी तुला बघिटलोंच नाही."

नवीननं बऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं आणि मराठीत, शब्द शोधत शोधत म्हणाला, "दुखते, सार."

"मला माहीत होतं," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "सकाळीच कळलं होतं मला. मी सांगितलं नाही."

इस्पितळात एक्स-रे निघाला. नवीनचं खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा आठवडे. काकांची बायको, कृष्णवेणीकाकू, रिक्षानं आल्या. बाकावर बसलेल्या नवऱ्याजवळ त्यांनी जाऊन त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला, जणू कडा कुठे संपतात ते शोधत होत्या. ते काय ते हळूच बोलले. मग काकू माझ्यापाशी आल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"सकाळपासून, काकू."

"सकाळपासून," त्या म्हणाल्या. "आणि त्यांला रस्त्यावर घातलीस."

उत्तराची वाट न पाहता त्या काकांकडे परत गेल्या.

पुढचे पाच महिने मी त्यांच्या घरी जात राहिले, पण काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. दार उघडत, कॉफी ठेवत, आत जात. काकांच्या डोळ्यांत दिवसातून तीन वेळा थेंब घालायचे असत; राहिलेली नजर तरी टिकावी म्हणून. झेक सायकल व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी. काका रोज ती पुसत, चामड्याच्या सीटला तेल लावत, आणि बाहेर काढत नसत.

मे महिन्यात नवीन आला. झोळीतून हात मोकळा झाला होता, पण अजून डोक्याच्या वर जात नव्हता. त्यानं कागदावर काढलेलं एक चित्र आणलं होतं. दोन माणसांची सायकल. झेक सायकलीची चौकट पुढे, एका जुन्या लेडीज सायकलीची मागे, म्हणजे काकांना चढायला उतरायला सोपं. कारखान्याशेजारचा एक वेल्डर ती जोडून द्यायला तयार होता.

"ही कापायची?" काकांनी व्हरांड्यातल्या सायकलीकडे हात करून विचारलं.

"मागची बाजू थोडी, सार."

काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीनला फोन केला आणि अट घातली: गिअरच्या दांड्या मागच्या माणसाच्या हाताशी. पुढे बसेल तिनं रस्ता बघावा, साखळी ते ऐकतील. पुढे कोण बसणार हे त्यांनी मला विचारलं नाही, फक्त माझी उंची मोजून घ्यायला सांगितली.

जुलैत सायकल आली. ओबडधोबड, सांध्यांवर रंग न लावलेली, लांबच लांब. नवीननं ती फाटकाशी धरली. काकांनी बूट घातले. मी पुढच्या सीटवर चढले आणि ब्रेक दोनदा दाबून बघितले.

"थांबा," दारातून आवाज आला.

कृष्णवेणीकाकू पायऱ्या उतरून आल्या. साडीचा पदर त्यांनी कमरेला घट्ट खोचला होता. "आधी मी," त्या म्हणाल्या. तंजावरला कॉलेजात त्या सायकलनं जात, हे मला तेव्हा कळलं.

काका बाजूला झाले. काकू मागच्या सीटवर बसल्या, पेडलवर पाय ठेवले. नवीननं ढकललं. आम्ही गल्लीत निघालो.

"मी डोळे मिटलेत," मागून त्या म्हणाल्या. "चालव."

तो माझ्याशी पाच महिन्यांत बोललेला त्यांचा पहिला शब्द होता. मी सांगत गेले. डावीकडे रिक्षा उभी आहे. समोरून इस्त्रीची गाडी येतेय. कुत्रा आहे, झोपलाय. आता वळण, उजवीकडे, झुकू नका, माझ्याबरोबर या. मागून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आधी भरभर, मग हळूहळू सावकाश. गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता लागतो तिथं मी थांबले, पाय टेकला, दोन्ही बाजूंचं सगळं मोठ्यानं सांगितलं, आणि मगच वळवलं.

फाटकाशी परत आलो. काकू उतरल्या, डोळे उघडले, पदर नीट केला.

"दूधवाल्याच्या घरापाशी खड्डा होता," त्या मला म्हणाल्या. "तो सांगितली नाहीस."

"चुकलंच, काकू."

"अस्कं सांगायचं. तुज सांगावं वाटो न वाटो, अस्कं." मग त्यांनी नवऱ्याचा हात धरून सीटवर ठेवला. "बसा."