गाडीवरची वलयं, बोटांवरची वलयं

गुणवंतरावांना काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. वडशाजवळच्या एका गावात मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतलं, नाटक होतं आणि गुणवंतराव त्याचे सहउद्घाटक होते. म्हणजे पोस्टरवर नाव, अकरा सहउद्घाटकांत सातवं. एक शाल, एक नारळ, मंचावर प्लास्टिकची का होईना एक खुर्ची. आणि शेजारच्या खुर्चीत पक्षाचे जिल्ह्याचे पुढारी. घुग्घुसच्या नगरपरिषदेला उभं राहायचं त्यांच्या मनात होतं, आणि पुढारी माणसाच्या आधी त्याची गाडी बघतात असं त्यांचं मत होतं. एवढी सगळी जमा. खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट, गाडी चकचकीत पाहिजे.

गाडी काळी होती. कोळशाच्या गावात काळी गाडी काऊन घेतली, असं कोणी विचारलं की ते म्हणत, "धूळ दिसत नाई." धूळ दिसत नसेल, चरे दिसत होते. गाडी उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक गोल वलयं उमटायची. गुणवंतरावांनी पोरांवर संशय घेतला, मांजरावर घेतला, सर्व्हिसिंगवाल्यावर तर घेतलाच. शेवटी देवाजीला बोलावलं.

देवाजी साठीचा. ट्रक रंगवायच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं घासकाम केलेला माणूस. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "भाऊ, सकाळी गाडी कोण पुसते?"

"मीच पुसतो. दुसऱ्याच्या हातात देत नाई मी."

"कशानं?"

"ह्या दुपट्ट्यानं." गुणवंतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा अभिमानानं दाखवला.

"कोरडाच?"

"मंग काय? घुग्घुसची धूळ, रोज पुसा लागते."

"धूळ नाई ते भाऊ, दगड हाये. बारीक केलेला दगड. तुमी रोज सकाळी गाडी पुसून नाई, घासून राह्यले. आधी पाणी मारत जा."

आपला गुन्हेगार आपल्याच खांद्यावर आहे हे ऐकायला कोणाला आवडतं? गुणवंतराव म्हणाले, "ते राहू दे. मशीन लावशील का हातानं करशील?"

"मशीननं मशीनच्या रेघा पडतात. काळ्या रंगावर हातच पाहिजे. कापडाले चरा कुठी संपला ते समजत नाई, बोटाले समजते."

अकरा दिवस काम चाललं. अंगणात टिनाच्या सावलीला देवाजी एका वेळी वीतभर जागा घ्यायचा. आधी पाणी, मग बोटांवर घासायची पेस्ट, मग गोल नाही, सरळ, उभा-आडवा हात. तिसऱ्या दिवसापासून त्याची बायको बायनाबाईही आली. तो घासायचा, ती बारीक पेस्टनं मागून चमक आणायची. दोघांची बोटं गुलाबी झाली, मग पांढरी झाली. मजुरी गुणवंतरावांनी चोख दिली, वर रोज दोनदा चहा. याबाबतीत त्यांच्या नावावर काळा ठिपका नाही, तो मी लावणारही नाही.

बाराव्या दिवशी गाडीच्या दारात आभाळ दिसलं. गुणवंतरावांनी त्यात मिशा नीट केल्या आणि वडशाकडे निघाले. शाल मिळाली, नारळ मिळाला. पुढारी म्हणाले, "गाडी नवीन घेतली वाटते." आता यापेक्षा माणसाला काय हवं असतं?

देवाजीलाही मिळालं. त्या गाडीकडे बघून दोन ठेकेदारांनी आपल्या गाड्या पाठवल्या, मग एका डॉक्टरनं. नवराबायको घासत राहिले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. गुणवंतरावांचं कंट्रोलचं दुकान होतं, म्हणजे सरकारी स्वस्त धान्याचं, आणि देवाजीचं कार्ड त्याच दुकानात. दोन माणसांचं महिन्याचं दहा किलो धान्य. मशीनवर अंगठा ठेवायचा, जुळला की माप पडायचं. देवाजीचा अंगठा आधी तिसऱ्या-चौथ्या वेळी तरी जुळायचा. फेब्रुवारीत दहाही बोटं ठेवून झाली, जुळलं नाही. बायनाबाईचीही दहा झाली.

गुणवंतरावांची मुलगी नूतन मशीनवर बसायची. बी.कॉम. झालेली, आवाज हळू. ती म्हणाली, "आजी, हात धुऊन पुसून परत ठेवा बरं."

रांगेतला एक जण म्हणाला, "बाई, काय खाऊन आले? बोटंच खाऊन टाकले का?" रांग हसली. बायनाबाईही हसली. पहिल्या महिन्यात माणूस हसू शकतो.

"मशीन नाई म्हणते," गुणवंतराव म्हणाले. "मी काय करू देवाजी? माह्या हातात काई नाई. आधार केंद्रात जाऊन ये."

आधार केंद्रातल्या मुलीनं काचेवर बोटं ठेवायला लावली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, इथे रेषाच नाहीत. महिनाभर हाताला आराम द्या, परत येतील. मग या."

"हाताले आराम देला त पोटाले काय देऊ, बाई?" देवाजीनं विचारलं. त्या मुलीनं पुढचा नंबर पुकारला.

मार्चमध्ये तेच झालं. मशीन नाही म्हणाली, गुणवंतराव मशीनकडे बोट दाखवून मोकळे झाले. त्या दिवशी दुकान बंद करताना नूतन म्हणाली, "बाबा, अंगठा नाई जुळला त रजिस्टरवर सही घेऊन धान्य देता येते. नियम हाये तसा."

"मले ठाऊक हाये."

"मंग?"

"त्याले कारण लिहा लागते, दोन साक्षीदार लागतात, वरून साहेब फोन करते. एकाले देलं का उद्या दहा जण रजिस्टर मागतात. मशीन नाई म्हणते हे सोपं हाये पोरी."

वाचकहो, इथे जरा थांबू. गुणवंतराव चोर नव्हते. एका माणसाचा दाणा त्यांनी कधी खाल्ला नाही. त्यांनी फक्त दहा ओळी लिहायचा त्रास वाचवला. आपणही काऊंटरच्या या बाजूला बसलो की असंच वाचवतो, आणि त्याला नियम म्हणतो.

एप्रिलच्या तीन तारखेला देवाजी आलाच नाही. एक वेळच्या जेवणावर त्याचा घासणारा हात थरथरायला लागला होता. थरथरत्या हातानं डॉक्टरच्या गाडीवर एक ओरखडा पडला आणि ते काम सुटलं. बायनाबाई एकटी आली. तिनं बोटं ठेवली. मशीन नाही म्हणाली.

"भाऊ, तुमाले खरंच काई करता येत नाई?"

"नाई ना बाई. मशीनचं काम हाये."

गुणवंतरावांचा दुपट्टा खुर्चीच्या पाठीवर होता, तो बायनाबाईनं उचलला आणि ती बाहेर गेली. दुकानासमोर काळी गाडी उभी होती, सकाळपासूनची धूळ तिच्यावर साचलेली. तिनं कोरड्या दुपट्ट्यानं बॉनेट पुसायला घेतलं. गोल, गोल.

"बाई! काय करून राह्यली! चरे पडतील!" गुणवंतराव माप टाकून धावले.

"पडू द्या भाऊ." तिचा हात थांबला नाही. "गोल गोल रेघा तुमच्या गाडीवर होत्या, तुमाले नोको होत्या. आमच्या बोटावर होत्या, आमाले पाहिजे होत्या. तुमच्या आमी काढून देल्या, त्याच्यात आमच्याही गेल्या. आता तुमच्या वापस येऊ द्या. आमच्या येतीन का, ते तुमच्या मशीनले विचारा."

"अवो, पण मशीन—"

"मशीनले डोये नाईत भाऊ, तुमाले हायेत. अकरा दिवस तुमच्या अंगणात होतो आमी. दोन टाइम चहा देला तुमी. ते माणसं कोण होते, हे सांगाले तुमाले अंगठा लागते?"

गुणवंतरावांनी तिला थांबवायला तिचा हात धरला. धरला, आणि सोडता येईना. बोटांची टोकं त्यांच्या तळव्याला लागली होती. गुळगुळीत. रोज सकाळी ते गाडीच्या दारावरून हात फिरवत, अगदी तसाच स्पर्श. फक्त गाडी गार असायची आणि ही बोटं गरम होती.

रांगेतून कोणी हसलं नाही. दारात नूतन रजिस्टर घेऊन उभी होती. बहुतेक बायनाबाईनं दुपट्टा उचलला तेव्हाच तिनं ते काढून ठेवलं असावं.

गुणवंतराव आत आले. कारण लिहिलं, "बोटांच्या रेषा कामाने झिजल्या आहेत." थोडा विचार केला आणि पुढे लिहिलं, "काम माझ्याकडे केले." साक्षीदार रांगेतलेच दोघं झाले, त्यातला एक फेब्रुवारीत विनोद करणारा. सगळ्याला मिळून सात मिनिटं लागली. दहा किलोचं माप त्यांनी स्वतः पिशवीत ओतलं आणि म्हणाले, "बाई, मागच्या दोन महिन्यांचं... ते गेलं. महिना संपला का कोटा वापस जाते. ते आता मले खरंच देता येत नाई."

"ठाऊक हाये," बायनाबाई म्हणाली.

त्या दिवसापासून दुकानावर पाटी आहे, "अंगठा न जुळल्यास रजिस्टरवर धान्य मिळेल." गुणवंतरावांचं मन बदललं यात मला शंका नाही. सकाळी गाडीवर ते आता पाणी मारतात. आठवड्यात सात म्हाताऱ्यांना आणि एका विटाभट्टीवरच्या बाईला रजिस्टरवर धान्य मिळालं. गावात नाव झालं. पुढाऱ्यांच्या कानावर गेलं, आणि ते म्हणाले, असा माणूस वॉर्डात पाहिजे.

यातून घ्यायचं ते एवढंच. माणूस ओळखायचं काम आपण यंत्राला दिलं, ते सोयीसाठी. यंत्रानं नाही म्हटलं की आपलं काम संपत नाही, तिथून सुरू होतं. आणि ज्याच्या हातांनी आपली वस्तू चमकते, त्याच्या हाताची ओळख ठेवणं हे उपकार नव्हेत.

आता बाकी काढू. गुणवंतरावांना शाल मिळाली, नारळ मिळाला, खुर्ची मिळाली, तिकिटाचं बोलणं लागलं, आणि वर दयाळू म्हणून नाव झालं. मजुरी आणि चहा सोडला तर त्यांचे खर्च झाले दहा ओळी आणि सात मिनिटं. बॉनेटवर हातभर जागेत वलयं परत आली आहेत, ती काढायला त्यांनी अजून कोणाला बोलावलेलं नाही.

देवाजी आणि बायनाबाईचं दोन महिन्यांचं धान्य गेलं, एक लागलेलं काम गेलं, वीस बोटांच्या रेषा गेल्या. सगळी किंमत त्यांनीच भरली.