किरणमहाराजांची बाही

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर किरणमहाराज एका हातात किरणोत्सार मोजायचं मीटर घेऊन बसले होते. ते मीटर आणि दुसरा हात, दोन्ही त्यांनी माझ्या ताईच्या गळ्यावरच्या गाठीजवळ नेलं आणि मीटर तडतडायला लागलं.

"बघा! नव्या अणुभट्टीचं विष!" महाराज गरजले.

मग त्यांनी तिच्या गळ्यात तांब्याची पट्टी अडकवली, तो दुसरा हात पाठीमागे नेला, डोळे मिटले. मीटर गप्प! टाळ्यांचा नुसता कडकडाट. ही पट्टी मिळणार या भरवशावर ताईने गाठीचं ऑपरेशन आधीच रद्द केलं होतं.

मी त्याच भट्टीत किरणोत्सार मोजायला आहे. ताई घरी सारखी विचारायची, "आपल्या जिवाला धोका नाही ना रे?" मी ताटावरून मानही वर करत नसे. "सगळं सेफ आहे. तुला नाही कळायचं." कामाचं घरी बोलायचं नाही, ही आमच्याकडची पद्धतच. मग ती दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही तर काय? खाली बसल्याबसल्या माझी मलाच लाज वाटली.

मी व्यासपीठावर चढलो. "महाराज, जरा बाही वर करा."

"नास्तिका, भस्म होशील!"

"होतो. आधी बाही."

महाराजांनी हात आखडला, तसा ताईनेच तो धरून झटकला. बाहीतून गॅसबत्तीची जुनी जाळी खाली पडली. त्यांचंच मीटर मी जाळीजवळ नेलं. तडतड! ताईच्या गळ्याजवळ मात्र अधूनमधून एखादी टिकटिक, कुठल्याही भिंतीजवळ होते तेवढीच.

"जुन्या जाळ्यांत किरणोत्सारी थोरियम असायचं," मी म्हणालो. "मीटर चालतंय का, हे बघायला आम्हीही हीच वापरतो."

मागून आमचा दूधवाला ओरडला, "मग तुमची भट्टी काय कधी बिघडणारच नाही?"

"बिघडू शकते. म्हणून तर वीज गेली, पंप थांबले, तरी आपोआप थंड होईल अशी बांधलीय. धूर न ओकता रात्रंदिवस वीज देते. पण तिचा कचरा पिढ्यान् पिढ्या सांभाळावा लागणार, हेही खरं."

ताईने पट्टी काढली. "एवढं तर मलाही कळलं. घरी का नाही सांगितलंस?"

"चुकलो, ताई."

उद्या तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेणार आहे. गाठ वाढलीय, आणि त्यात माझाही वाटा आहे.

महाराजांचं मीटर मी दूधवाल्याच्या हातात दिलं आणि सगळ्यांना सांगितलं: माझ्यावरही विश्वास ठेवू नका. भट्टीच्या भिंतीपर्यंत चला, स्वतः मोजा, प्रश्न विचारा. आणि आमच्यापैकी कुणी "तुम्हाला नाही कळायचं" म्हणालं, तर त्यालाही बाही वर करायला लावा.