चावडीची साडी

चावडीत रेशनची यादी वाचायची म्हणजे गावाचा उलटा सण. त्या दिवशी कुणी चांगलं नेसत नाही. आदल्या सांजेलाच मोटारसायकली पाहुण्यांच्या गोठ्यात जातात, गळ्यातलं डब्यात जातं. केराबाईसारखी शहाणी बाई तर फ्रीजवर वाकळ टाकून वर मिरच्यांचं सूप ठेवते. केराबाईकडं ह्या दिवसासाठी वेगळी साडीच होती. विटकी, खांद्यावर दोन ठिगळं, पदर उसवलेला. वर्षभर ती ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपायची. 'चावडीची साडी' म्हणायची ती तिला.

त्या माघात चावडीत एकच बाई नीटनेटकी आली. भीमाची मल्लव्वा. हिरवीगार इरकल, लाल काठ, केस चापून विंचरलेले. ही अक्कलकोटाकडची लेक, लग्न होऊन वैरागाजवळच्या ह्या गावात आलेली. नवरा सोलापुरात टॉवेलचे गठ्ठे उचलायचा, कंबर धरली तसा तीन वर्षं घरात पडून. मल्लव्वा येऊन खांबाशी बसली आणि केराबाईच्या डोळ्यात ते हिरवं रुतलं ते रुतलंच.

तलाठ्यानं भीमाचं नाव वाचलं. "कुणाची हरकत?"

"हरकत न्हाय वो सायेब," केराबाई म्हणाली, "नुसतं इचारते. अशी इरकल नेसून फुकटचं गहू मिळत आसंल, तर आमी बी नेसून येतो की. हितं आमी ठिगळं लावून बसलोय."

लोक हसले. हसण्याला हसणं लागलं. कुणी म्हणालं, तिच्याकडं टचचा मोबाईल बी हाय. कुणी म्हणालं, आवो, कालच दारात मटनाचा वास येत हुता. तलाठ्याला जेवायची घाई. त्यानं नावापुढं फुली मारली. चौकशी होईपर्यंत धान्य बंद.

उठताना मल्लव्वानं फक्त केराबाईकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर केराबाईला बरं वाटलं असतं. आजाऱ्याकडं बघावं तसं बघितलं.

पंधरा दिवसांनी केराबाई वैरागच्या बाजाराला गेली, तिथं जावई आडवा आला. धनाजी. चार वर्षांमागं केराबाईची रेश्मा काविळीनं गेली आणि वरीस भरायच्या आत ह्यानं दुसरी केली, तेव्हापासून बोलणं नव्हतं.

"मामी, च्या घेता?"

"नगं."

"बरं. येक इचारायचं हुतं. मल्लव्वाकाकू ती साडी नेसती का?"

"कंची?"

"हिरवी. नवमीला आमी नेसवल्याली."

केराबाईच्या हातातली पिशवी खाली टेकली. भादव्यातल्या नवमीला, कुंकवासकट गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात, तिला साडी नेसवतात. सवाष्ण जेवली की गेलेली जेवली.

"सुकन्याच म्हनली," धनाजी म्हणाला. सुकन्या म्हणजे त्याची दुसरी बायको. "म्हनली, ताईंच्या म्हायेरची बाई बगा, त्यांना वळखनारी. पर मेलेल्याच्या नावाचं जेवायला कोन येतंय, मामी? मल्लव्वाकाकू चालत आली. रेश्माची लई हौस हुती हिरव्या इरकलीची. ऱ्हाऊन गेली."

कुणामुळं राहून गेली, ते तो बोलला नाही. पोरीनं दिवाळीला मागितली होती आणि केराबाई म्हणाली होती, फुडच्या दिवाळीला घिऊ.

त्या दिवसापासून केराबाईला मागलं दार नकोसं झालं. मागल्या दारासमोर मल्लव्वाच्या घराचं कुंपण, बाभळीची वई, आणि वईवर रोज ती साडी वाळत घातलेली. चैताचं ऊन असं की ढेकूळ हातात घेतलं तर भाजावं. झाडाचं पान हलत नसायचं, आणि हिरव्या इरकलीत मात्र कुठूनसा वारा भरायचा. कुणी पाठमोरं उभं असल्यासारखी ती फुगायची. केराबाईनं दार लावून घेतलं तर ते हिरवं रांजणातल्या पाण्यात दिसायला लागलं. भर दुपारी जेवायला बसली की वाटायचं, समोरच्या पाटावरनं आत्ताच कुणी अर्धपोटी उठून गेलं. पाट गरम लागायचा.

सवाष्ण जेवली की लेक जेवली. मग सवाष्णीचं ताट काढून घेतलं तर? ह्याच्या पुढचं केराबाईच्यानं मनातसुद्धा बोलवेना.

ती रेशन दुकानदार जोतिरामकडं गेली. "माझी जीभ घसरली, बाबा. नाव लाव तिचं."

"माझ्या हातात काय हाय, काकू? मी अर्ज लिवतो. सायेब घर बगायला येत्याल सोमवारी. त्येवडं तिला सांगा, ती हिरवी नेसून म्होरं येऊ नगं."

केराबाई वई ओलांडून गेली. भीमा बाजेवर पडलेला, अंगाखाली साड्यांची वाकळ.

"दुसरी साडी न्हाय व्हय गं तुला?"

"ह्येंच्या अंगाखाली हायेत की समद्या," मल्लव्वा म्हणाली. "उरल्याली विरली. ही इकता येत न्हाय. मेलेल्या जिवाची हाय."

"आन् चावडीत हीच नेसायची का?"

"चावडीत चार मानसं आस्त्यात, अक्का. आमच्याकडं चावडीत फाटकं नेसून जात न्हाईत."

केराबाई उंबऱ्यावर बसली. "मग बोलली का न्हाईस तवा? कुनाच्या नावाची हाय म्हून?"

"समद्यांम्होरं तुमच्या लेकीचं नाव काढू? ती हसनारी मानसं." मल्लव्वानं चुलीतली राख सारखी केली. "बेडा, अक्का. नगं."

सोमवारी केराबाईनं ट्रंक उघडली. चावडीची साडी मल्लव्वाला नेसवली, उसवलेला पदर दिसेल असा पुढं घेतला. "ती हिरवी माझ्याकडं दी. सायेब घर हुडकत्यात."

साहेब येऊन जाईपर्यंत केराबाई आपल्या घरात ती साडी मांडीवर घेऊन बसली. काठाशी हळदीचा डाग होता. धुराचा वास, घामाचा वास, आणि त्यांच्याखाली आणखी एक, जो असायचं काही कारण नव्हतं. खोबरेल आणि आबोलीचा. केराबाईनं साडी नाकापासून लांब धरली. मग परत जवळ घेतली.

दुपारी मल्लव्वा आली. "लागलं नाव."

"काय काय बगितलं?"

"काय न्हाय. दारातनंच ठिगळं बगितली आन् लिवलं. पिठाचा रिकामा डबा म्होरं काढून ठिवला हुता, तिकडं मान बी वळवली न्हाय."

दोघी हसल्या नाहीत. केराबाईनं पाट मांडला, ताट वाढलं.

मल्लव्वा उभीच. "आज नवमी न्हाय, अक्का. कुनाच्या नावानं?"

"कुनाच्या बी न्हाय. दुपार झाली म्हनून."

मल्लव्वा जेवली. दुसरी भाकरी मागून घेतली, अर्धी भीमासाठी फडक्यात बांधली. आतल्या खोलीत जाऊन हिरवी नेसली, चावडीची साडी घडी करून दिली आणि मागल्या दारानं निघाली.

केराबाई दारात उभी. वईशी ती हिरवी पाठ थांबली. पदर सावरायला हात मागं आला, मनगट उलटं करून. रेश्माचा असाच यायचा. मल्लव्वाचा असा येत नव्हता, उभ्या जन्मात नव्हता.

केराबाईनं हाक मारली नाही. विटकी साडी तिनं ट्रंकेत ठेवली नाही, दाराशी खुंटीला टांगली. गावात अजून कुणाला लागली तर हाताशी असावी. मग ती परत चुलीशी बसली आणि एकटीची भाकरी झाली तरी परातीत आणखी मूठभर पीठ घेतलं.