मिटलेला डावा आरसा

मित्रांनो, एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या दारावर आयुष्य काढलेला मी आरसा आहे. मागचा जास्तीत जास्त रस्ता माझ्यात मावावा म्हणून घडवतानाच माझी काच किंचित फुगीर ठेवली होती. मला त्याचा केवढा अभिमान होता!

माझे मालक राजकुमार रोज फुलंब्रीहून चितेगावच्या कंपनीत जात. शहरातल्या गर्दीत धक्का लागेल म्हणून त्यांनी मला पहिल्याच महिन्यात मिटून टाकलं. मिटलेल्या आरशाचं तोंड गाडीच्या आत वळतं. त्यामुळे रस्त्याऐवजी मला मालकच दिसत. गालात गुटखा, ओठांच्या कडेला लाल ओघळ. मधला आरसा त्यांनी मिशा विंचरायला स्वतःकडे वळवून घेतला होता. सिग्नलला काच खाली करून ते थुंकत. उजव्या आरशावर उडालेले शिंतोडे तिथंच वाळत. मला शिसारी यायची, पण तोंड फिरवणं माझ्या हाती नव्हतं.

त्यांची पत्नी विशाखा चितेगावच्या शाळेत शिकवायची. ती सोबत असे आणि त्या दिवसांत गाडी चालवायला शिकत होती. आरसे लावून घ्या, असं तिनं दोनदा सांगितलं. मालक हसले.

एका सकाळी कंपनीच्या वळणावर त्यांनी न बघताच गाडी डावीकडे घातली. डाव्या अंगानं सायकलवर रामहरी येत होता. त्याच कंपनीत तो खोकी भरायचा. सायकल आडवी झाली आणि त्याचं मनगट भलतीकडेच वाकलं.

मालक उतरले ते त्याच्याकडे गेले नाहीत, माझ्याकडे आले. माणसं जमायच्या आत त्यांनी मला गुपचूप उघडलं. मग आपण आरशात बघूनच वळलो, हाच मधे घुसला, असं मोठ्यानं सांगू लागले. इतक्या वर्षांनी माझ्यात रस्ता उमटला, तोही खोट्याला आधार म्हणून. त्या रस्त्यावर रामहरी हात पोटाशी धरून बसला होता. गुटख्याच्या थुंकीचीसुद्धा मला एवढी किळस आली नव्हती.

"साहेब, आरसा मिटलेला व्हता. म्या मागून बघितला," रामहरी कण्हत म्हणाला.

लोक उलट त्यालाच बोलू लागले. तेव्हा विशाखा उतरली. तिचा आवाज चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"तो खरं बोलतोय. आरसा यांनी आत्ता उघडला. मी बघितलं."

रामहरीला त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. प्लास्टर निघालं, पण सायकलचा ब्रेक दाबण्याइतकी पकड काही आली नाही. तो आता कंपनीत चालत जातो. मालकांनी त्याची माफी मागितली नाही. विशाखाशी मात्र महिनाभर अबोला धरला.

विशाखा शिकली आणि गाडी तिनं हातात घेतली. पहिल्या दिवशी तिनं आम्हा आरशांना साबणानं धुतलं. बसल्यावर ती आधी सीट नीट करते. मग मागची अख्खी काच दिसेल असा मधला आरसा वळवते. शेवटी आम्हा बाहेरच्या दोघांत गाडीची बारीकशी कड ठेवून बाकी सगळा रस्ता घेते. मालक आता माझ्या बाजूला बसतात. एकदा त्यांची पिचकारी माझ्यावर उडाली. तिनं गाडी कडेला घेतली, त्यांच्या हातात फडकं दिलं आणि मी स्वच्छ होईपर्यंत गाडी हलवली नाही.

मित्रांनो, गाडीत बसाल तेव्हा आरसे उघडे आहेत का, ते बघा. मिटलेले असतील तर गाडी निघायच्या आत सांगा, समोर कितीही मोठं माणूस असलं तरी. आम्हाला सगळं दिसतं, पण सांगता येत नाही.